आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके : न फळलेला संकल्प, न सुटलेली श्रद्धा

देवदर्शनासाठी पनवेल परिसरात येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या मनात काही ना काही मागणे असते. कोणाला संततीची आस असते, कोणाला आजारातून मुक्ती हवी असते, कोणी व्यवसायातील अडचणीने गांजलेला असतो. काहींचे नवस फळाला येतात आणि ते समाधानाने देवाच्या पायी कृतज्ञता वाहतात. परंतु ज्यांचे मागणे वर्षानुवर्षे अपुरेच राहिले, असेही अनेक जण त्याच रांगेत हात जोडून उभे असतात. आपली हाक देवापर्यंत पोहोचत नाही काय, ही शंका त्यांच्या मनाला स्पर्श करून जाते. अशा भाविकांनी आवर्जून जाणून घ्यावे असे एक चरित्र याच पनवेल तालुक्याच्या मातीत घडले आहे. शिरढोण गावचे सुपुत्र, आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे ते चरित्र होय. सशस्त्र क्रांतीचे प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव सर्वांना परिचित आहे. मात्र ते निस्सीम दत्तभक्त होते आणि त्यांच्या श्रद्धेला फार कठोर कसोटीतून जावे लागले, ही बाजू तितकीशी ठाऊक नसते.

जन्म व घराणे

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोण येथे झाला. वडिलांचे नाव बळवंतराव आणि आईचे सरस्वतीबाई. आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. पनवेलहून दक्षिणेकडे जाताना आकाशात उभ्या अंगठ्यासारखा जो सुळका दुरूनच नजरेत भरतो, तोच हा कर्नाळा. १८१८ साली पेशवाईच्या अस्तासमयी हा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. किल्ला गेला, अधिकार गेला, परंतु त्याची आठवण घराण्यात जागती राहिली. ज्या किल्ल्यावर एके काळी आपल्या आजोबांची सत्ता चालत असे, तो परक्यांच्या हाती गेलेला पाहतच हा बालक लहानाचा मोठा झाला.

इंग्रजी शिक्षण घेतल्यानंतर वासुदेवरावांनी प्रथम मुंबईत नोकरी केली. पुढे लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांची नेमणूक झाली व ते पुण्यास आले. सदाशिव पेठेतील नरसोबाच्या देवळाजवळ त्यांचे बिऱ्हाड होते. सकाळी दत्तप्रभूंची पूजा, दिवसा कचेरीतील काम आणि उरलेल्या वेळात व्यायाम व शस्त्रविद्या असा त्यांचा नेम होता. शस्त्रविद्येत त्यांना वस्ताद लहुजी साळवे यांचे मार्गदर्शन लाभले. वरकरणी पाहता एका सुशिक्षित, धर्मशील, संसारी कारकुनाचे ते आयुष्य होते.

पहिला आघात

१८७० च्या सुमारास शिरढोणहून मातोश्रींच्या गंभीर आजाराची वार्ता आली. वासुदेवरावांनी रजेचा अर्ज केला. कचेरीतील वरिष्ठांकडून रजा वेळेवर मंजूर झाली नाही. ते गावी पोहोचले तेव्हा आईने डोळे मिटले होते. अखेरच्या क्षणी आईच्या मुखात पाणी घालण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. पुढे वर्षश्राद्धाच्या वेळीही रजेसाठी असाच अनुभव आला.

ज्या पुत्राने नित्य देवपूजा केली, त्याला आईचे अंतिम दर्शनही घडू नये, हा विषाद स्वाभाविक होता. सामान्य मनुष्य अशा वेळी दैवाला दोष देऊन स्वस्थ बसतो किंवा देवाकडे पाठ फिरवतो. वासुदेवरावांनी यांपैकी काहीच केले नाही. आपल्यावर आलेला प्रसंग या देशातील असंख्य लोकांवर निरनिराळ्या रूपांनी रोज येत आहे, याची जाणीव त्यांना या आघाताने झाली. स्वतःचे दुःख त्यांनी अशा रीतीने इतरांच्या दुःखाशी जोडले.

याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची देशाच्या दारिद्र्यावरील व्याख्याने आणि सार्वजनिक काका अर्थात गणेश वासुदेव जोशी यांची स्वदेशीची चळवळ पुण्यात गाजत होती. वासुदेवरावांनी स्वदेशीचा स्वीकार केला. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या सहकार्याने त्यांनी शिक्षणकार्यात भाग घेतला. त्या कार्यातूनच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ही नामवंत संस्था उभी राहिली. प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांचा गोपिकाबाईंशी विवाह झाला. त्या काळी स्त्रीशिक्षणास समाजाचा विरोध असतानाही त्यांनी पत्नीस लिहिणे-वाचणे शिकविले.

दुष्काळ आणि मनातील प्रश्न

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन व दक्षिण भारतावर भीषण दुष्काळाचे संकट कोसळले. अर्ध्या कोटीहून अधिक माणसे अन्नान्न करीत मृत्युमुखी पडली, असे इतिहासकार मानतात. पाऊस न पडणे हे निसर्गाच्या हाती होते. मात्र लोक उपाशी मरत असताना धान्य परदेशी रवाना होत होते, सारावसुली चालू होती आणि मदतकामावर अतिशय तुटपुंजी मजुरी मिळत होती. वासुदेवरावांनी गावोगाव फिरून हे सारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत या प्रसंगाला पूर्वीचा एक दाखला आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात जगद्गुरू संत तुकाराम महाराजांची प्रथम पत्नी व पुत्र निवर्तले आणि व्यापारही बुडाला. महाराजांच्या ठायी वैराग्य दृढ झाले आणि त्यांनी देहू येथील विठ्ठलाच्या जीर्ण देवळाची दुरुस्ती हाती घेतली. दुष्काळाने तुकोबांना नामस्मरणाकडे नेले. वासुदेवरावांना त्याने रणाकडे नेले. मार्ग भिन्न होते, तरी आपत्तीनंतर देवाला सोडून न जाता देवाचे म्हणून एखादे काम हाती घेण्याची वृत्ती दोघांच्या ठायी सारखीच दिसते.

स्वामीभक्तांमध्ये एक आख्यायिका श्रद्धेने सांगितली जाते. उठावाचा संकल्प मनात धरून वासुदेवराव अक्कलकोट येथे श्री स्वामी समर्थांच्या दर्शनास गेले. त्यांनी आपली तलवार स्वामींच्या पुढे ठेवली आणि स्वामींनी ती उचलून हाती दिली म्हणजे आशीर्वाद मिळाला, असे मनाशी ठरविले. स्वामींनी ती तलवार त्यांच्या हाती न देता झाडावर ठेवविली. काळ अनुकूल नाही, असा या कृतीचा अर्थ होता. वासुदेवरावांना तो कळला, परंतु डोळ्यांसमोर माणसे मरत असताना अनुकूल काळाची वाट पाहत राहणे त्यांच्या मनाला पटले नाही. त्यांनी तलवार पुन्हा हाती घेतली आणि वंदन करून ते निघाले. अपेक्षित कौल मिळाला नाही म्हणून त्यांची स्वामींवरील निष्ठा ढळली नाही, तसेच कर्तव्यही सुटले नाही. आख्यायिकेचे मर्म येथे आहे.

उठाव व निराशा

फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याजवळ आपल्या साथीदारांना एकत्र करून वासुदेवरावांनी उठावास प्रारंभ केला. त्यांच्या साथीदारांत रामोशी समाजातील शूर पुरुषांचा मोठा भरणा होता. शिरूर तालुक्यातील धामारी या गावावर पहिला छापा पडला. श्रीमंत व सावकार यांच्याकडून पैसा मिळवावा, त्यातून माणसे व शस्त्रे जमवावीत, ठिकठिकाणी एकाच वेळी उठाव करून दळणवळण तोडावे आणि अखेर परकी राज्य उलथून टाकावे, अशी त्यांची योजना होती.

प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. सुशिक्षित वर्गाने पाठ फिरविली. पुरेसा पैसा हाती आला नाही. सोबत आलेल्यांपैकी काहींचे लक्ष देशकार्यापेक्षा मिळालेल्या वाट्याकडे अधिक आहे, हे पाहून त्यांना अतिशय खेद झाला. छापे घालताना स्त्रिया, मुले व गोरगरीब यांना उपद्रव होऊ नये, असा त्यांचा कटाक्ष असे. तरीही लोकांच्या दृष्टीने आपण केवळ दरोडेखोर ठरत आहोत काय, ही शंका त्यांना आतून पोखरत असली पाहिजे. सरकारी फौजांचा पाठलाग वाढला आणि अवघ्या काही आठवड्यांत उठावाची घडी विस्कटली. ज्या कार्यासाठी घर, नोकरी व पत्नी यांचा त्याग केला, ते कार्य सुरुवातीलाच कोसळताना त्यांना पाहावे लागले.

श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या चरणी

एप्रिल १८७९ मध्ये वासुदेवराव आंध्र प्रदेशातील श्रीशैल या क्षेत्री पोहोचले. नल्लमला पर्वतात, कृष्णा नदीच्या परिसरात वसलेले हे स्थान बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून भ्रमरांबा देवीचे शक्तिपीठही तेथेच आहे. मराठी माणसाला हे क्षेत्र आणखी एका कारणाने वंदनीय आहे. १६७७ साली दक्षिणदिग्विजयाच्या वेळी छत्रपती श्री शिवाजी महाराज येथे आले होते. या पवित्र स्थानी आपले मस्तक देवीच्या चरणी अर्पण करावे, असा विचार महाराजांच्या मनात आला व देवीने त्यांना त्यापासून परावृत्त करून पुढील कार्याची जाणीव दिली, असा वृत्तान्त सभासद बखरीत आहे.

दोन शतकांनंतर त्याच क्षेत्री वासुदेवराव आले, ते मात्र पराभूत होऊन. महाराजांच्या पाठीशी राज्य होते, सैन्य होते. वासुदेवरावांपाशी काहीही उरले नव्हते. देवासमोर प्राण अर्पण करावेत, या निश्चयाने ते मल्लिकार्जुनाच्या सान्निध्यात राहिले आणि तेथेच त्यांनी आपले आत्मचरित्र लिहून काढले. पुढे ते लेखन सरकारच्या हाती पडले व खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले.

या आत्मवृत्तात त्यांच्या मनाची अवस्था उघडपणे उमटली आहे. आपण योजलेले कार्य सिद्धीस गेले नाही, याचे दुःख त्यात आहे. देशबांधवांच्या दैन्याचे स्मरण आहे. त्या दैन्यातून त्यांना सोडवू न शकल्याबद्दल त्यांनी देशबांधवांची क्षमा मागितली आहे. यशाचे श्रेय स्वतःकडे व अपयशाचे खापर देवाकडे, अशी मनुष्याची नेहमीची रीत असते. वासुदेवरावांनी अपयशाचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. देवांच्या कार्यासाठी दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, त्या कथेचे स्मरण ठेवून आपला देहही बांधवांच्या कामी यावा, ही त्यांची भावना होती.

प्राणार्पणाचा तो संकल्प सिद्धीस गेला नाही. कोणताही चमत्कार घडला नाही, साक्षात्काराची कथा त्यांनी लिहून ठेवली नाही, मागितलेले सैन्य वा द्रव्य प्राप्त झाले नाही. तरीही ज्या मनुष्याने मरण्यासाठी या देवळाच्या पायऱ्या चढल्या, तो जगण्यासाठी त्या उतरला आणि नव्याने माणसे जमविण्याच्या खटपटीस लागला. देवाने त्यांना काय दिले, याचे उत्तर शोधायचे असेल तर ते येथेच शोधावे लागेल. मल्लिकार्जुनाने त्यांचे मागणे पुरविले नाही, परंतु त्यांचे मस्तकही स्वीकारले नाही. उरलेले आयुष्य कार्यासाठी परत करून त्यांना निरोप दिला.

पळस्पे, पाठलाग व अटक

मे १८७९ मध्ये त्यांचे निष्ठावंत सहकारी दौलतराव नाईक यांनी कोकणात उतरून पनवेलजवळील पळस्पे व चिखले या गावांवर छापे घातले. या छाप्यांत सुमारे दीड लाख रुपयांचा ऐवज हाती लागला. मात्र घाटावर परतताना मेजर डॅनियल यांच्या तुकडीने गाठले आणि झालेल्या चकमकीत दौलतराव धारातीर्थी पडले. पैसा मिळाला तेव्हा पैशाचा विनियोग करणारा उजवा हात तुटला. पनवेल सोडून गोव्याच्या दिशेने जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला पळस्पे फाटा ठाऊक असतो. तेथून जाताना दौलतराव नाईकांचे स्मरण व्हावे, इतके त्यांचे ऋण निश्चितच आहे.

त्याच महिन्यात वासुदेवरावांनी जाहीरनामा काढून सरकारला इशारा दिला. त्याची दखल इंग्लंडमधील वृत्तपत्रांनीही घेतली. निजामाच्या मुलखात रोहिले व अरब यांची फौज उभारण्याचा त्यांनी प्रयत्न केला. परंतु शरीर साथ देईनासे झाले होते. अखेर जुलै १८७९ मध्ये विजापूरकडील देवर नावदगी या गावी, आजारी व थकलेल्या अवस्थेत निद्रिस्त असताना, मेजर डॅनियल व निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले.

पुण्यात त्यांच्यावर खटला चालला. सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. ज्या पुण्यातील प्रतिष्ठितांनी काही महिन्यांपूर्वी दारे लावून घेतली होती, त्याच पुण्यात त्यांना पाहण्यासाठी लोकांची गर्दी लोटली. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. कलकत्त्याच्या अमृत बाजार पत्रिकेने त्यांच्या देशभक्तीचा गौरव केला.

एडनचा तुरुंगवास व देहावसान

जानेवारी १८८० मध्ये त्यांना अरबस्तानच्या टोकाशी असलेल्या एडन येथे नेण्यात आले. एडन त्या काळी मुंबई सरकारच्याच अखत्यारीत होते. आपली भाषा बोलणारे कोणी नाही, आपले देऊळ नाही, आपल्या माणसाची भेट नाही, अशा त्या रुक्ष प्रदेशात त्यांना दिवस कंठावे लागले. तरीही एके रात्री कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते बाहेर पडले. अनोळखी मुलखात फार दूर जाता आले नाही आणि लवकरच ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, एडन येथेच त्यांनी देह ठेवला. आईच्या अंतकाळी पुत्र जवळ नव्हता आणि पुत्राच्या अंतकाळी त्याचे कोणीही आप्त जवळ नव्हते.

भाविकांसाठी बोध

लौकिक हिशेब मांडला तर वासुदेव बळवंतांच्या पदरी काहीच पडले नाही. आईची भेट, उठावाचे यश, स्वराज्याचे दर्शन यांपैकी त्यांची एकही इच्छा पूर्ण झाली नाही. अशा जीवनाकडे पाहून कोणाच्याही मनात प्रश्न उद्भवेल की, मग त्या उपासनेचा उपयोग तो काय झाला? हा प्रश्न विचारणे म्हणजे नास्तिकता नव्हे. श्रीशैलच्या त्या दिवसांत स्वतः वासुदेवराव याच प्रश्नासमोर उभे होते. त्यांनी तो दडपला नाही. तो घेऊनच ते देवासमोर बसले आणि जे मनात होते ते लिहून मोकळे झाले. शंका आली म्हणून देवळाबाहेर जाण्याऐवजी शंकेसह देवळात येणे, हा भक्तीचाच एक प्रकार आहे.

नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा, अशी समजूत असेल तर न फळलेला नवस श्रद्धा मोडून टाकतो. श्रद्धा ही सौद्याच्या पलीकडची असेल तर अपेक्षाभंगानंतरही माणूस उभा राहू शकतो. वासुदेवरावांच्या निधनानंतर ६४ वर्षांनी, १९४७ साली, देश स्वतंत्र झाला. पुढील पिढ्यांतील क्रांतिकारकांनी त्यांना आद्य क्रांतिवीर मानले. त्यांचे मागणे त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, ते त्यांच्या बांधवांच्या पदरात पडले. अर्थात प्रत्येक अपुऱ्या प्रार्थनेचा शेवट असाच होतो, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. काही दुःखांचे उत्तर मिळत नाही, हेही हे चरित्र तितक्याच स्पष्टपणे सांगते. परंतु उत्तर मिळाले नाही तरी कर्तव्य व उपासना दोन्ही चालू ठेवता येतात, याचा साक्षात पुरावा पनवेलच्या या सुपुत्राने ठेवला आहे.

स्मृतिस्थळे

शिरढोण हे गाव पनवेलच्या दक्षिणेस मुंबई-गोवा महामार्गालगत, कर्नाळ्याच्या अलीकडे आहे. तेथे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मघर व स्मारक असून ४ नोव्हेंबर रोजी जयंतीस आणि १७ फेब्रुवारी रोजी पुण्यतिथीस त्यांना अभिवादन करण्यात येते. भारतीय टपाल खात्याने १९८४ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पनवेल शहरातील नाट्यगृहास तसेच मुंबईत धोबीतलाव येथील चौकास त्यांचे नाव देण्यात आले आहे. दर्शन आटोपून पुढील प्रवासास निघणाऱ्या भाविकांनी, विशेषतः मनातील मागणे अद्याप अपुरे असलेल्यांनी, थोडा वेळ काढून शिरढोण येथे अवश्य जावे व त्या वास्तूपुढे क्षणभर नतमस्तक व्हावे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥